क्रोशा वाचायलाही शिकवा

क्रोशा शिकू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. समोर बसून शिका, हाताकडे बघत शिका, कागदावरच्या नमुन्यांच्या नादी इतक्यात लागू नका. आणि परदेशी नमुन्यांच्या तर मुळीच नाही. वर्ग घेणाऱ्या बाई हे सांगतात, मोबाइलवरच्या व्हिडिओंतल्या ताई सांगतात, घरातली वडीलधारी मंडळीही सांगतात. सल्ला मायेपोटी दिलेला असतो. मला मात्र तो पटत नाही. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे तीन टाके हाताला बसले की नवशिक्याने दोन-चार देशांचे नमुने समोर घ्यावेत आणि वाचायला लागावं, असं माझं मत आहे.

मी नाशिकचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये नोकरी केली; हाताखाली लेथ आणि मिलिंग, समोर ड्रॉइंग. निवृत्तीनंतर लेकीच्या बाळंतविड्याची तयारी चालली होती, तेव्हा मिरजेहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडून, अक्काकडून, मी क्रोशाची सुई हातात घेतली. सरकगाठ कशी मारायची, दोरा डाव्या हाताच्या बोटांतून कसा फिरवायचा, हे तिने दाखवलं. "एवढं आवळू नकोस रे, पुढच्या ओळीला सुई शिरणार कुठून?" हे तिचं पहिलं वाक्य, आणि आजही नव्या माणसाला मी तेच सांगतो. टोपडं झालं, पायमोजे झाले. मग मी तिला विचारलं, की हे सगळं कुठे लिहिलेलं असतं? अक्का म्हणाली, "लिहायचं काय त्यात? बघायचं आणि करायचं." तिने आयुष्यभर तोरणं केली, ताटावरचे रुमाल केले, नात्यातल्या कितीतरी मुलींच्या रुखवतात तिच्या हातचं काम मांडलं गेलं. त्यातलं काहीही कागदावर नाही. मला त्याच दिवसापासून ही गोष्ट लागून राहिली आहे.

कारखान्यात आम्हाला एक शिस्त लावलेली असते. ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातली चौकट बघायची. आपल्याकडे आणि युरोपात फर्स्ट अँगल पद्धत चालते, अमेरिकेत आणि जपानमध्ये थर्ड अँगल. एकीत वस्तूची डावी बाजू उजवीकडे काढतात, दुसरीत ती डावीकडेच राहते. वस्तू तीच, रेषा त्याच. पण पद्धत न बघता काम केलं तर जॉब उलटा निघतो. म्हणून कोपऱ्यात शेंडा छाटलेल्या शंकूचं एक लहानसं चिन्ह असतं, आणि ते बघितल्याशिवाय कोणी यंत्राला हात लावत नाही. इंग्रजीतला क्रोशाचा नमुना वाचायला घेतला तेव्हा मला हेच आठवलं, कारण पेच तोच आहे.

अक्का ज्याला मुका खांब म्हणते त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. आपला साधा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. म्हणजे सगळी शिडी एका पायरीने सरकलेली. 'डबल क्रोशे' वाचून अमेरिकी माणूस उंच टाका घालेल, इंग्रज माणूस बुटका. एकाच नमुन्यावरून एकीकडे पूर्ण लांबीचं दुपटं होईल आणि दुसरीकडे जेमतेम निम्म्या लांबीचं. ओळखायची खूण सोपी आहे. आजच्या नमुन्यात 'सिंगल क्रोशे' असा शब्द कुठेही आला की तो अमेरिकी. तो नसेल तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या मोजाव्यात. डबल क्रोशेच्या ओळीआधी तीन साखळ्या सांगितल्या असतील तर टाका उंच आहे, नमुना अमेरिकी. एकच साखळी असेल तर ब्रिटिश. ऑस्ट्रेलियातले नमुने बहुधा ब्रिटिश पद्धतीचे असतात, कॅनडातले बहुधा अमेरिकी.

हे कळायला इंग्रजीची पदवी लागत नाही. टाका किती उंच आहे, दोरा सुईवर किती वेळा घेतला आहे, हे बघायची नजर लागते. एकाच बाईंकडे, एकाच पद्धतीने शिकणाऱ्याला ही नजर उशिरा येते, कारण नाव ऐकलं की हात आपोआप चालतो आणि टाक्याकडे बघायची वेळच येत नाही. दोन देशांचे नमुने शेजारी ठेवले की बघावंच लागतं. माझ्या मताचा गाभा हा आहे. परदेशी नमुने नवशिक्याला गोंधळात टाकतात हे खरं, पण तो गोंधळ सोडवताना जे कळतं तेच खरं शिकणं आहे, आणि ते पुढे ढकलण्यात काही लाभ नाही.

सुयांचंही तसंच. दुकानात '८ नंबरची सुई द्या' म्हटलं तर काय मिळेल? जुन्या ब्रिटिश मापात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत एच-८ म्हणजे ५ मिलिमीटर. जपानी पुस्तकात ८/० म्हणजेही ५ मिलिमीटर. ब्रिटिश आकडा वाढला की सुई बारीक होते, जपानी आकडा वाढला की जाड. त्यामुळे मी सुईवरच्या नंबराकडे बघतच नाही. व्हर्निअर घेतो, सुईच्या हुकामागचा सरळ दांडा मोजतो आणि मिलिमीटर लिहून ठेवतो. व्हर्निअर सगळ्यांच्या घरी नसतो, पण ज्या दुकानात सुया मिळतात तिथे माप मिलिमीटरमध्ये मागण्याचा हक्क सगळ्यांना आहे. लोकरीच्या अनेक गुंड्यांवर वजन असतं, पण दोऱ्याची लांबी नसते. लांबीशिवाय परदेशी नमुन्यासाठी किती गुंडे लागतील याचा हिशेब बसत नाही. हे छापायला उत्पादकांना फार खर्च येणार नाही. गिऱ्हाइकांनी मागायला हवं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जपानी नमुन्यांनी. मला जपानीचं एक अक्षर येत नाही, आणि तरीही तिथल्या पुस्तकातला रुमाल मी न अडखळता विणू शकलो, कारण तिथे नमुना लिहीत नाहीत, काढतात. लंबगोल म्हणजे साखळी. भरलेला ठिपका म्हणजे नुसता ओढून घेतलेला टाका. फुली म्हणजे मुका खांब. इंग्रजी टी अक्षरासारखी खूण म्हणजे अर्धा खांब, त्याच टीवर एक तिरकी रेघ आली की खांब, दोन आल्या की दुहेरी खांब. खांबापासून पुढे, दोरा जितक्या वेळा सुईवर घ्यायचा तितक्या रेघा. पाच खांबांचा पंखा असेल तर त्यांचे पाय कागदावर एका बिंदूत मिळालेले दिसतात की सुटे, एवढ्यावरून कळतं की सुई टाक्याच्या आत घालायची आहे की साखळीच्या खालच्या मोकळ्या जागेतून. हा बारकावा शब्दांत सांगायला दोन ओळी लागतात, आणि बोलून सांगताना तर तो बहुतेक वेळा राहूनच जातो. शिवाय तयार वस्तूचं माप सेंटिमीटरमध्ये, दोऱ्याचं वजन ग्रॅममध्ये.

या चिन्हांमागे तिथल्या राष्ट्रीय औद्योगिक मानकांचा, म्हणजे जेआयएसचा, आधार आहे. जेआयएस एल ०२०१ हे विणकामाच्या खुणांचं मानक आहे. ज्या जेआयएस मानकांवर आम्ही नोकरीभर बोल्ट आणि पोलादाचे दर्जे बघत आलो, त्याच मानकांत खांबाच्या खुणेलाही क्रमांक मिळालेला पाहून मी फार आनंदलो. घरातलं काम म्हणून एका देशाने ते बाजूला ठेवलं नाही.

जपानमुळे जगभर गेलेल्या अमिगुरुमीतून, म्हणजे विणलेल्या लहान बाहुल्यांतून, मला आणखी एक गोष्ट उमगली. गोल विणताना मध्यात सहा मुके खांब घालतात, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच का? मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद असतो. एका फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ दोन पाय (π) पटीने, म्हणजे सव्वासहा टाक्यांच्या आसपास वाढायला हवा. म्हणून सहा. खांब त्याहून उंच, म्हणून खांबांच्या गोलात दर फेरीला बारा वाढवतात. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर पडते. त्या झालरीतही गणित आहे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटवियन गणितज्ञ डायना टाइमिना यांनी १९९७ साली टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन अतिपरवलयी प्रतल क्रोशाने विणलं, आणि जे वर्गात फळ्यावर दाखवणं अवघड होतं ते विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. आठवी-नववीच्या वर्गात 'दर फेरीला सहा' एवढं मुलामुलींना सुईने करून बघायला मिळालं तर पाय म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला एक सुई आणि एक गुंडा पुरतो, आणि तो मुलग्यांच्याही हातात द्यावा.

यावर आक्षेप असा घेतला जातो, की व्हिडिओ असताना कागद कशाला? मी व्हिडिओ बघतो, त्यांचा मला उपयोगही होतो. हाताची हालचाल कागदावर दिसत नाही. पण व्हिडिओत मी दुसऱ्याच्या वेगाने चालतो. कुठल्या ओळीवर आहोत ते शोधायला मागेपुढे सरकवावं लागतं, आणि पूर्ण वस्तूचा बांधा एका नजरेत कधीच दिसत नाही. आलेखात दिसतो. शिवाय हात हातावरून शिकला की एकाच घरात राहतो. अक्काचा हात तिच्या सुनेने उचलला नाही, तर तोरण तिथे संपलं.

कागदावर नोंद नसली की करणारीचं नावही पुसलं जातं, याची दोन ठळक उदाहरणं आहेत. पहिलं आयर्लंडचं. १८४५पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळ आला, तेव्हा जोगिणींच्या मठांतून आणि चर्चच्या शाळांतून बायकांना क्रोशा शिकवला गेला. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७च्या सुमारास हे काम सुरू केलं. व्हेनिसची सुईने केलेली लेस महाग आणि वेळखाऊ. क्रोशाने तसाच देखावा लवकर उभा करता येत होता. जाड दोरीवर टाके चढवून गुलाब, पानं, द्राक्षं अशी एकेक आकृती वेगळी विणायची, कापडावर उलटी टाचायची आणि मग मधली जागा जाळीने भरायची. एकेक घर एकेका आकृतीत तरबेज होतं आणि आपली आकृती गुप्त ठेवत होतं, कारण पोट त्यावर होतं. त्या बायकांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. त्याच काळात लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर ही बाई नमुन्यांची पुस्तकं छापत होती. तिचं नाव मात्र विणकामाच्या प्रत्येक इतिहासात येतं.

दुसरं उदाहरण आपल्या गोदावरीच्याच काठचं, आंध्रातल्या नरसापूरचं. तिथे एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली, आणि आजही हजारो बायका घरी बसून ती विणतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या. पुढे त्यांनी नरसापूरच्या लेसवाल्या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कोणी फक्त फुलं विणते, कोणी ती जोडते, माल परदेशी जातो, आणि घरचा मोकळा वेळ घालवण्याचं काम समजून मजुरी मात्र नगण्य दिली जाते, असं त्यांनी दाखवून दिलं. या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन गावाच्या नावाला मिळालं याचा आनंद आहे. पण फुलाचा आराखडा कोणी बसवला, हे कुठे नोंदलेलं नाही.

आमच्या ड्रॉइंगवर 'काढणार', 'तपासणार', तारीख असे रकाने असतात. साध्या वॉशरच्या ड्रॉइंगवरही असतात. बायकांनी केलेल्या एवढ्या अवघड कामावर तो रकाना नसावा, हे मला मान्य नाही.

आणि दराचं म्हणाल तर स्वेटर विणायला यंत्रं आहेत, पण खऱ्या क्रोशाचा माल यंत्रावर निघत नाही. बाजारात यंत्राचं म्हणून जे मिळतं ते क्रोशासारखं दिसणारं वेगळ्या विणीचं कापड असतं. म्हणजे दुकानात शंभर-दोनशे रुपयांना टांगलेला खऱ्या क्रोशाचा झगा कोणातरी माणसाने टाका टाका घालून केलेला आहे. स्वतः एक चौकोन विणून बघितलेला माणूस त्या किमतीत घासाघीस करू शकत नाही.

सगळेच नमुने आपल्याकडे जसेच्या तसे चालतात असं नाही. थंड देशांचे लोकरीचे नमुने निफाडच्या पौषातल्या गारठ्याला ठीक आहेत, रत्नागिरीला त्यांचा काय उपयोग? तिथे ब्राझीलकडे बघावं. तिथल्या बायका जाड सुती दोऱ्याच्या सतरंज्या, पायपुसणी, स्वयंपाकघरातले संच विणतात. धुता येतात, उकाड्यात चालतात. तिथला दोरा ६ नंबर, ८ नंबर असा येतो आणि आकडा वाढला की जाड होतो. आपला तोरणाचा दोरा २०, ४० असा, आकडा वाढला की बारीक. इथेही नंबर बाजूला ठेवून दोरा चिमटीत धरून बघावा लागतो.

देण्यासारखं आपल्याकडेही आहे. मिरजेच्या घरी दारावर पोपट आणि 'शुभ लाभ' विणलेलं अक्काचं तोरण आहे. जाळीचं काम: रिकामं घर म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब, भरलेल्या घरात साखळ्यांच्या जागी दोन खांब. अशी जाळी युरोपात शंभर-दीडशे वर्षं विणतात, पण रोमन अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. देवनागरीत शिरोरेषा आहे. तिच्यामुळे भरलेल्या घरांची सलग पट्टी मिळते आणि शब्द जाळीत विरघळत नाही. वेलांटी आणि उकार नेमक्या किती घरांत बसवायचे, 'शु'चा उकार झालरीत कसा उतरवायचा, हे अक्काच्या पिढीने सोडवून ठेवलेलं आहे. मी आता चौकटीच्या कागदावर ते उतरवतो आहे. घरं मोजताना ती शेजारी बसते, आणि तिला स्वतःलाच आठवत नसलेल्या एखाद्या वळणावर बोट ठेवून म्हणते, "इथं मी एक घर खाल्लंय बघ, नाहीतर पोपटाची चोच लांब झाली असती." हा निर्णय एका डिझायनरचा आहे.

म्हणून मासिकं, दिवाळी अंक आणि वर्ग चालवणाऱ्या बाईंना माझं मागणं असं आहे: क्रोशाचा नमुना द्याल तेव्हा चिन्हांचा आलेख द्या. सुई मिलिमीटरमध्ये, दोरा ग्रॅम आणि मीटरमध्ये, तयार वस्तू सेंटिमीटरमध्ये सांगा. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसतात ते लिहा. नमुना परदेशातून घेतला असेल तर परवानगी घ्या आणि कोणाचा आहे ते छापा. आपल्याकडचा असेल तर विणणारीचं नाव आणि गाव छापा. अक्काचं तोरण ४० नंबरच्या दोऱ्याचं आहे, सुई १ मिलिमीटरची, रुंदी दाराच्या चौकटीएवढी. आलेख पुरा होत आला आहे, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात मी दोन रकाने आखले आहेत. 'रचना' या रकान्यात अक्काचं नाव आहे, 'आलेख' या रकान्यात माझं.